दोन नद्यांमधला पट

‘पट’ हा मराठी भाषेतील एक जुना शब्द आहे. पट म्हणजे वस्त्र. फुलीच्या आकाराच्या कापडावर चौकोनी घरे शिवली, की तो सोंगट्यांच्या खेळाचा सारीपाट होतो. चौसष्ट घरांवर हत्ती, उंट आणि घोडे उभे राहिले, की तो बुद्धिबळाचा पट होतो. शाळेत ज्या वहीत मुलांची नावे एकाखाली एक लिहिलेली असतात, तिलाही पटच म्हणतात. इतक्या निरनिराळ्या वस्तूंना एकच नाव मिळाले, याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. एरवी जे विखुरलेले असते, ते एका दृष्टिक्षेपात दिसेल असे पसरून मांडणे, हेच या साऱ्यांचे काम आहे.

महाराष्ट्रातील घरांत पटाचे खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. सारीपाटाभोवती चौघे बसत. चार रंगांच्या सोळा सोंगट्या आणि हातात कवड्या किंवा फासे. सोंगटी मधल्या घरातून निघे, साऱ्या पटाची प्रदक्षिणा करी आणि पुन्हा घरी येई. वाटेत मारली गेली, तर तिला पहिल्यापासून चालावे लागे. मोक्षपटावर सद्गुणांच्या शिड्या असत आणि दुर्गुणांचे साप. बुद्धिबळात फासा नाही, सारा भार बुद्धीवर. तरीही तो शेवटी दोन राजांच्या युद्धाचाच खेळ. या पटांनी माणसाला दैव ओळखावयास शिकविले, नीती सांगितली, डावपेच शिकविले. परंतु जमीन नांगरणे, मडके घडविणे, बाजार भरविणे, पुराला बांध घालणे, ही जी माणसाची रोजची कामे, त्यांना यांपैकी कोणत्याही पटावर घर मिळाले नव्हते.

असा एक पट इंग्लंडमधील फ्रान्सिस ट्रेशॅम या खेळ रचणाऱ्या गृहस्थाने तयार केला. १९८० साली तो प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘सिव्हिलायझेशन’, म्हणजेच संस्कृती. पुढे १९९१ साली याच नावाचा संगणकावरचा खेळ निघाला आणि तो जगभर पसरला. संगणकावर मनुष्य एकटाही खेळू शकतो. ट्रेशॅमच्या पटाला मात्र एका सतरंजीवर बसलेली माणसे लागतात. कमीत कमी दोघांनी आणि जास्तीत जास्त सातांनी तो खेळावा, असा नियम आहे.

त्या पटावर भूमध्य समुद्राच्या पूर्व भागाचा नकाशा आहे. त्यात नाईल नदीचा काठ आहे, क्रीट बेट आहे, बाबिलोनची भूमी आहे. प्रत्येक खेळाडू एका सोंगटीने आरंभ करतो. फासे नाहीत, कवड्या नाहीत. एकटी सोंगटी असेल तेथे पुढल्या फेरीत दोन होतात. दोन किंवा अधिक असतील तेथे आणखी दोन येऊन मिळतात. परंतु नकाशाच्या प्रत्येक भागावर एक आकडा छापलेला असतो. ती जमीन किती सोंगट्या पोसू शकेल, हे तो आकडा सांगतो. त्याहून अधिक सोंगट्या जमल्या, तर वरच्या उचलून बाजूला ठेवाव्या लागतात. जमिनीला सोसेल तेवढेच माणूस तिच्यावर राहू शकतो, हा या खेळाचा पहिला धडा होय.

असा पट बारामतीत, कऱ्हेच्या काठच्या एखाद्या घरी मांडला आहे, अशी कल्पना करावी. दिवाळीची सुट्टी आहे. वडिलांची साखर कारखान्यात रात्रपाळी आहे. सातवीतला मुलगा, पाचवीतली त्याची बहीण, आई आणि आबा असे चौघे पटाभोवती बसले आहेत. आजी भिंतीला टेकून भुईमुगाच्या शेंगा फोडीत आहे. तिला खेळात घेतलेले नाही, पण तिचे लक्ष सूपात कमी आणि पटावर अधिक आहे.

मुलाने मिसर देश घेतला. मोक्याच्या जागी सहा सोंगट्या जमल्या, की त्या उचलून त्यांच्या ठिकाणी एक नगर ठेवता येते. मुलाला या नियमाची भारी गोडी लागली. पाहता पाहता त्याने सात नगरे उभी केली. नकाशा कसा झळकू लागला! आईची तीनच नगरे होती आणि आबांची दोन. परंतु फेरी संपताना नियमाने आपला हिशेब मागितला. नगरात राहणारा मनुष्य शेत पिकवीत नाही, म्हणून एकेका नगरामागे दोन सोंगट्या बाहेर शेतावर असाव्या लागतात. सात नगरांना चौदा सोंगट्या हव्या होत्या. मुलाच्या शेतांवर उरल्या होत्या दहा. पाच नगरे तगली, दोन कोसळली.

“कुणी हल्ला केला नाही, काही नाही, मग माझी नगरे का गेली?” मुलाने विचारले.

“भाकरी कोण पिकविणार होते?” आई म्हणाली.

बारामतीच्या बाजारपेठेत गुळाच्या ढेपा पाहिलेल्या मुलाला याहून अधिक समजावून सांगावे लागले नाही. पेठेचा झगमगाट डोळ्यांना दिसतो. त्यामागे उसाच्या फडात वाकलेली पाठ असते, ती पेठेतून दिसत नाही. ट्रेशॅमचा नियम तिला पटावर आणून उभी करतो.

धाकटीने बाबिलोन घेतले होते. दोन निळ्या रेघांच्या मधली जमीन तिच्या वाट्याला आली होती. एक युफ्रेटिस, दुसरी टायग्रिस. ग्रीक लोकांनी या भागाला ‘मेसोपोटेमिया’ म्हटले. या शब्दाचा अर्थ दोन नद्यांमधला देश. जगातील अगदी प्राचीन नगरे जेथे उभी राहिली, त्यांत या देशाची गणना होते.

आबांनी खडू घेऊन फरशीवर दोन रेघा ओढल्या. वरची रेघ भीमेची. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावून ती इंदापूर तालुक्याच्या उत्तरेकडून आणि पूर्वेकडून वाहते. खालची रेघ नीरेची. ती सह्याद्रीतून निघून बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांच्या दक्षिणेची सीमा आखीत येते. वाटेत सोनगावला कऱ्हा तिला मिळते. शेवटी नीरा-नरसिंहपूरला, लक्ष्मी-नृसिंहाच्या मंदिरापाशी, नीरा भीमेत विलीन होते. आबांनी दोन रेघांमधल्या जागेवर बोट ठेवले. “हे आपले इंदापूर,” ते म्हणाले. धाकटी त्या खडूच्या रेघांकडे आणि पटावरच्या निळ्या रेघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. भूगोलाच्या पुस्तकातला दूरचा देश एकाएकी मामाच्या गावाइतका जवळ आला होता.

दोन नद्या असूनही हा प्रदेश पाण्याने संपन्न नाही. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर आपले भांडार रिते करतात आणि पूर्वेकडे येता येता हलके होतात. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर बारामती-इंदापूरकडे वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. तोही दर वर्षी वेळेवर येईल, अशी खात्री नसते. अशा भूमीवर मनुष्य कसा टिकला, याची कथा फार जुनी आहे.

तिचा एक आरंभ पुणे जिल्ह्यातच सापडला. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. मातीच्या थरांखाली सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव निघाले. ते लोक जव पिकवीत, चौकोनी घरांत राहत, रंगीत मडकी घडवीत. पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी चर खणला होता आणि बांध घातला होता. धान्य साठविण्यासाठी त्यांच्यापाशी पेवे होती आणि कणग्या होत्या. परंतु पुढे पाऊसमान घटले असावे, असे संशोधकांचे मत आहे. शेती खालावली. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ते गाव ओस पडले. संस्कृतीची सोंगटी सदैव पुढेच जाते असे नाही. ती मागेही येते, आणि मागे येण्याची खूण म्हणून जमिनीत झोपडीचा गोल आकार ठेवून जाते.

खेळ पुढे चालला. ज्याची जितकी नगरे, तितके पत्ते त्याला मिळतात. पत्त्यांवर कातडी, लोखंड, मीठ, धान्य, कापड, सोने अशी नावे असतात. एका पत्त्याची किंमत थोडी असते, पण एकाच जिनसाचे पत्ते एकत्र आले, की ती झपाट्याने वाढते. मिठाचा एक पत्ता ३ मोलाचा. दोन झाले की मोल १२ आणि तीन झाले की २७. एकट्याच्या हाती सगळे मीठ कधी येत नाही. एकाकडे मीठ एक आणि धान्य दोन, दुसऱ्याकडे मीठ दोन आणि धान्य एक. देवघेव केली तर दोघेही श्रीमंत होतात, मूठ झाकून बसले तर दोघेही गरीब राहतात. त्यामुळे या फेरीला घरात आठवड्याच्या बाजारासारखा गलका उठतो. “कोण मीठ देतो?” “कापडाला काय घेणार?” आईच्या आवाजालाही धार येते.

बाजार म्हटला की विश्वास आला. खेळाचा नियम असा, की सौद्यात निदान तीन पत्ते द्यावेत. त्यांपैकी दोन कोणते, हे खरे सांगावे. तिसऱ्याबद्दल खरे बोलण्याचे बंधन नाही. आता पत्त्यांच्या गड्डीत जिनसांबरोबर संकटांचेही पत्ते असतात. त्यांपैकी काही, उदाहरणार्थ साथीच्या रोगाचा पत्ता, सौद्यातून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येतो. मुलाने तेच केले. दोन पत्ते खरे सांगून तिसरा रोगाचा पत्ता त्याने बहिणीला दिला. तिच्याकडे वैद्यकाची विद्या नव्हती. तिच्या सोंगट्या भराभर उठल्या. ती रडली नाही, पण तिचे ओठ घट्ट मिटले.

नियमाने मुलाने काहीच गैर केले नव्हते. पुढच्या फेरीत त्याने मिठाचे पत्ते पुढे केले, तेव्हा बहिणीने मान वळविली. आईने सौदा आबांशी केला. आबांनी तो बहिणीशी केला. मुलाच्या हाती चांगला माल होता, पण घेणारा कोणी नव्हता. बाजारात तराजू, माप आणि नाणे यांच्याही आधी एक वस्तू लागते. तिला मराठीत ‘पत’ म्हणतात. ती दिसत नाही, म्हणून गेलेलीही लवकर कळत नाही. ती परत मिळविण्यास मुलाला पुढच्या तीन फेऱ्या तिन्ही पत्ते खरे सांगावे लागले.

जिनसांच्या मोलावर खेळाडूने विद्या विकत घ्याव्यात, हा खेळाचा खरा उद्देश. एकूण सोळा विद्या आहेत. मडकी घडविण्याची कला, विणकाम, धातुकाम, शेती, वैद्यक, स्थापत्य, कायदा, तत्त्वज्ञान अशी त्यांची नामावली आहे. त्यांत ‘नाट्य आणि काव्य’ हीसुद्धा एक विद्या आहे. आईने ती घेतली, तेव्हा मुलाला हसू आले. “कविता घेऊन काय करणार?” तो म्हणाला. काही वेळाने आईच्या राज्यात यादवीचा पत्ता निघाला. आपसांतल्या भांडणाने राज्य फुटते, तेव्हा काही सोंगट्या आपल्या हाती राहतात, बाकीच्या जातात. परंतु ज्याच्यापाशी संगीत असेल, नाट्य आणि काव्य असेल, त्याच्या हाती थोड्या अधिक सोंगट्या राहतात. आईचे राज्य फुटले, पण पुरते फुटले नाही.

खेळ रचणाऱ्याने हा नियम काय विचाराने केला असेल, ते बारामतीकरांना सहज उमगावे. मोरोपंत (१७२९–१७९४) पन्हाळ्याला जन्मले आणि त्यांचे आयुष्य बारामतीत, कऱ्हेच्या सान्निध्यात गेले. आर्या वृत्तात त्यांनी रामकथा आणि भारतकथा मराठीत आणल्या. त्या काळात घोडदळे या वाटेने येत-जात होती, सरदार चढत होते आणि पडत होते. त्यांपैकी पुष्कळांची नावे आज इतिहासाच्या अभ्यासकांनाच ठाऊक आहेत. मोरोपंतांची आर्या मात्र घरोघर गेली. एकच कथा ऐकणारी, एकाच ओळीवर मान डोलविणारी माणसे सहजासहजी परकी होत नाहीत.

यानंतरच्या फेरीत मुलाने पत्ता उचलला आणि त्याचा चेहरा उतरला. तो दुष्काळाचा पत्ता होता. हा पत्ता सौद्यात खपविता येत नाही. ज्याच्या हाती आला, त्यानेच तो सोसावा लागतो. ज्याच्यापाशी मडकी घडविण्याची विद्या आणि धान्याचे पत्ते दोन्ही असतील, त्याची हानी कमी होते. कारण उघड आहे. पीक आले तरी ते साठविण्यास भांडे हवे. इनामगावच्या शेतकऱ्याला हे कळले होते. मुलाने मात्र मडक्यांना कमी लेखून धातुकाम घेतले होते.

त्याच्या दहा सोंगट्या उचलल्या गेल्या. नियम एवढ्यावर थांबत नाही. दुष्काळ इतर देशांतही पसरतो, आणि कोणाच्या किती सोंगट्या जाव्यात, हे ज्याच्यावर तो प्रथम आला त्यानेच सांगावयाचे असते. मुलाने पटावर नजर फिरविली. रोगाच्या साथीने खिळखिळी झालेली बहीण आता सहज संपली असती. “हिच्या आठ काढा,” तो म्हणाला. “आठ सोंगट्या तर आहेत.”

शेंगा फोडणारा आजीचा हात थांबला.

“आरं, नुसत्या सोंगट्या म्हनू नगंस,” ती म्हणाली. “बाहत्तर साली आमीबी त्यातलीच व्हतो.”

आणि तिने सांगितले. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा ती या धाकटीएवढीच होती. विहिरींनी तळ दाखविला. जनावरे मिळेल त्या भावाने विकली गेली, कुणी ती नुसतीच सोडून दिली. सरकारने रस्त्यांची, तलावांची, बांधांची कामे काढली. आजीची आई दिवसभर खडी फोडी आणि ही पोर पाटीत माती वाही. कामावर सुकडी मिळे. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण तीच खावी लागे. “कुनीतरी वर बसून मोजत असंल, हितं इतकी मानसं, तितं तितकी,” आजी म्हणाली. “त्येला आमची नावं कुटं ठावं व्हती?”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मुलाने हात पुढे केला आणि वाटणी बदलली. त्याने हानी तिघांत अशी विभागली, की कोणाचेही नगर पडले नाही. त्याने नियम मोडला नाही. नियमाने त्याला जी निवड दिली होती, तीच त्याने निराळ्या रीतीने केली.

दुष्काळ या भागाला नवा नव्हता आणि त्यावरचा उपायही एका दिवसात सापडला नाही. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला होता. त्या काळात दुष्काळी काम म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली. १८८५ च्या सुमारास वीर येथून निघालेले पाणी पुरंदर, बारामती, इंदापूर या भागांतून वाहू लागले. भोरजवळ भाटघरला धरण झाले आणि डोंगरातला पाऊस उन्हाळ्यासाठी साठवून ठेवता येऊ लागला. उपाशी माणसांनी पोटासाठी खणलेला तो चर त्यांच्या नातवंडांच्या शेताला पाणी देऊ लागला. उसाचे मळे उभे राहिले. इंदापूर तालुक्यात माळरानावर वालचंद हिराचंद यांच्या उद्योगातून वालचंदनगर वसले. मोक्याच्या जागी सोंगट्या जमाव्यात आणि नगर व्हावे, तसेच हे झाले. मात्र कालवा जेथे पोचला तेथेच तो हिरवेपणा आला. कालव्याच्या पलीकडची शेते आभाळाकडे पाहतच राहिली, आणि म्हणूनच शंभर वर्षांनंतरही आजीच्या वाट्याला ती मातीची पाटी आली.

पटावर रात्र चढत गेली. धाकटीचे बाबिलोन सावरले होते. नदीकाठी तिच्या सहा सोंगट्या जमल्या. तिने त्या उचलल्या, त्यांच्या जागी नगर ठेवले आणि मूठ उघडून विचारले, “आबा, या सहा आता कुठे जातात?”

“बाजूला ठेवायच्या,” मुलगा म्हणाला. “नियम आहे.”

“पण जातात कुठे?”

“ते नियमात लिहिलेले नसते, बाळ,” आबा म्हणाले.

आबांचे मूळ गाव भीमेच्या काठचे. उजनीच्या धरणाचे काम चालू असताना ते गाव उठले. मराठीत ‘गाव उठणे’ हे दोनच शब्द आहेत, पण त्यांत घरे, गोठे, पार, देऊळ, विहीर आणि शेजार, सारेच उठते. १९८० साली धरण पूर्ण झाले. इंदापूर, दौंड आणि करमाळा या तालुक्यांतील भीमाकाठची कित्येक गावे त्याच्या पाण्याखाली गेली. त्या पाण्याला ‘यशवंतसागर’ हे नाव मिळाले. त्याने सोलापूर जिल्ह्यातील हजारो शेतांची तहान भागविली. भिगवणच्या काठावर दरवर्षी रोहित पक्षी उतरू लागले आणि त्यांना पाहण्यास दूरदूरचे लोक येऊ लागले. हे सारे खरे. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरते, तेव्हा पळसदेवचे पुरातन दगडी देऊळ चिखलातून वर येते, हेही खरे. ते पाहण्यास जुनी माणसे जातात. आपला वाडा कोठे होता, चावडी कोठे होती, हे ती बोटाने दाखवितात. बोट ज्या दिशेला असते, तेथे नुसता गाळ असतो.

“मग धरण बांधायला नको होते का?” मुलाने विचारले.

आबांनी मान हलविली. “पाणी नसते, तर तुझी आजी अजून पाटीच वाहत असती. धरण हवे होते. पण बांधणाऱ्याच्या हातात सोंगटी असते, तेव्हा त्याने तिच्याकडे एकदा नीट पाहावे. एवढेच आमचे मागणे होते.”

त्या रात्री डाव पुरा झाला नाही. या खेळाला सात-आठ तास सहज लागतात. आईने पटावर एक धुतलेली चादर अलगद पसरली. त्याआधी धाकटीने एक काम केले. उचललेल्या सहा सोंगट्या तिने डब्यात टाकल्या नाहीत. नव्या नगराच्या कडेला, पटाच्या बाहेर, तिने त्या एका ओळीत उभ्या करून ठेवल्या. नियमात तसे सांगितलेले नाही. पण तसे करू नये, असेही नियमात नाही.

पटाची ही दुहेरी शक्ती आहे. नदी, शेत, नगर, दुष्काळ आणि शतके तो एका सतरंजीवर आणून दाखवितो. जे आयुष्यभर चालूनही दिसले नसते, ते घटकाभरात दिसते. म्हणूनच राज्यकर्ता नकाशा पसरतो, स्थापत्यविशारद आराखडा पसरतो आणि शेतकरी पेरणीआधी मनातल्या मनात शिवार पसरतो. परंतु सारे काही एकदम दिसावे म्हणून प्रत्येक वस्तू लहान करावी लागते, आणि लहान केलेली वस्तू उचलावयास फार सोपी होते. हा पटाचा दोष नव्हे. तो ज्याच्यापुढे पसरला आहे, त्याच्यावर पडलेली ती जबाबदारी आहे.

शाळेच्या पटाला हे कळले आहे. त्यावर संख्या शेवटी लिहितात. आधी प्रत्येकाचे नाव असते, आणि रोज सकाळी गुरुजी ते नाव मोठ्याने वाचतात. नाव घेतले की कोणीतरी उठून उभे राहते आणि म्हणते, “हजर!”